दिसतं, पण उशिरा: स्टेल्थ विमानांची गोष्ट, ग्वाल्हेरच्या गच्चीवरून

जून २०२५ मध्ये ब्रिटनचं एक एफ-३५ हे स्टेल्थ, म्हणजे रडारपासून लपणारं, लढाऊ विमान तिरुअनंतपुरमच्या विमानतळावर उतरलं आणि हायड्रॉलिक बिघाडामुळे पाच आठवड्यांहून जास्त काळ तिथेच अडकून पडलं. केरळच्या पावसात भिजत उभ्या असलेल्या त्या विमानाचे फोटो घराघरांत पोचले. माझी भाची थाटीपूरची, बारावीला आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर बसून तिनं तो फोटो माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मामा, हे तर चक्क दिसतंय. मग याला अदृश्य विमान का म्हणतात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि महाराजपुऱ्याच्या हवाई तळाकडून मिराज लढाऊ विमानांची जोडी डोक्यावरून गेली. ग्वाल्हेरच्या माणसाला याची सवय असते. वाक्य जिथे असेल तिथे थांबवायचं, आवाज ओसरू द्यायचा आणि तिथूनच पुढे बोलायचं. आमच्या वस्तीचं नावच लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी इथे पडली आणि तिचं पुढे शहर झालं. सैन्य आपल्या शेजारी असणं इथल्या कुणालाच नवं नाही. पण डोक्यावरून रोज जे उडतं त्यामागचं शास्त्र मात्र घरात क्वचितच बोललं जातं. मी आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. भाचीचा प्रश्न मला मनापासून आवडला, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर लिहितो.

घोटाळा "अदृश्य" या शब्दात आहे. स्टेल्थ विमान डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं आणि रडारलाही दिसतं. फक्त ते रडारला फार उशिरा दिसतं. या "उशिरा"चं मोल किती, ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

जाताना चौथाई, येताना चौथाई

अंधाऱ्या मैदानात टॉर्च मारला की झोत एखाद्या वस्तूवर पडतो आणि तिच्यावरून उलटलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. रडार हेच करतं, पण रेडिओ लहरींनी. लहर सोडायची, ती विमानावर आपटून परत यायची वाट पाहायची, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं.

टॉर्चचा झोत पुढे जाताना पसरतो. अंतर दुप्पट झालं की तेवढाच प्रकाश चौपट जागेवर विखुरतो, म्हणजे विमानाच्या वाट्याला पूर्वीच्या चौथा हिस्साच येतो. विमानावरून उलटलेली लहर परत येतानाही तशीच पसरते आणि तिचाही चौथा हिस्सा उरतो. जाताना चौथाई, येताना चौथाई, मिळून सोळावा भाग. म्हणून रडारचा टप्पा दुप्पट करायचा असेल तर बाकी सगळं तसंच ठेवून ताकद सोळा पट करावी लागते.

आता हाच हिशेब विमानाच्या बाजूनं मांडू. प्रत्येक विमानाचं रडारच्या नजरेतलं असं एक क्षेत्रफळ असतं. ते विमानाच्या खऱ्या आकारावर कमी आणि घडणीवर जास्त अवलंबून असतं. हे क्षेत्रफळ कसोशीनं सोळा पट कमी केलं, तरी विमान सापडण्याचं अंतर निम्मंच होतं. एवढ्या मेहनतीचं एवढंच फळ! म्हणून स्टेल्थमध्ये दुप्पट-चौपटीचं काही खरं नसतं, तिथे हजारांत आणि दहा हजारांत बोलावं लागतं.

समजा, एक रडार साधं लढाऊ विमान २०० किलोमीटरवरून पकडतं. ते क्षेत्रफळ दहा पट घटवलं तर विमान ११२ किलोमीटरवर सापडेल. शंभर पट घटवलं तर ६३ वर. दहा हजार पट घटवलं तर २० वर. ताशी ९०० किलोमीटर वेगानं येणारं विमान मिनिटाला १५ किलोमीटर कापतं. म्हणजे पहिल्या विमानाबाबत रडारवरच्या माणसाला तेरा मिनिटं मिळतात आणि शेवटच्या विमानाबाबत एक मिनिट वीस सेकंद. ठिपका आपला की परका हे ओळखायचं, वर कळवायचं, परवानगी घ्यायची, क्षेपणास्त्राचं तोंड त्या दिशेला फिरवायचं किंवा आपली विमानं उडवायची, हे सगळं तेवढ्यात. स्टेल्थ म्हणजे या तेरा मिनिटांवर घातलेला डल्ला.

याचा आणखी एक परिणाम नकाशावर दिसतो. सीमेवर रडारं अशी मांडलेली असतात की एकाचं वर्तुळ दुसऱ्यावर चढतं आणि मधे फट राहत नाही. स्टेल्थ विमानासाठी मात्र हीच वर्तुळं आकसतात आणि अखंड भिंतीची चाळण होते. वैमानिक मग त्या भोकांमधून जाणारी वाट आधी आखून घेतो.

कॅरमचा कोपरा आणि जयविलासचं झुंबर

क्षेत्रफळ दहा हजार पट कमी करायचं कसं? रंगानं होत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. खरं काम आकार करतो.

कॅरम खेळणाऱ्याला हे सांगायला नको. स्ट्रायकर एका कडेवर तिरका मारला की तो दुसरीकडे निघून जातो. पण कोपऱ्याजवळ लागोपाठ दोन कडांना लागला की आला त्याच दिशेनं उलटा येतो, मग तुम्ही तो कुठल्याही कोनात मारलेला असो. काटकोनाचा हा गुणच आहे. सायकलच्या मागची लाल काच गाडीचा प्रकाश गाडीकडेच परत पाठवते, ती याच जोरावर. तिच्या आत असे शेकडो बारीक कोपरे असतात.

जुन्या लढाऊ विमानावर असे कोपरे जागोजागी सापडतात. आपल्या मिराजचं शेपूट सरळ उभं आणि पंख आडवे, दोघांमध्ये काटकोन. पंखाखाली लोंबणारे बॉम्ब, इंधनाच्या टाक्या आणि त्यांना धरणाऱ्या दांड्या मिळून कोपऱ्यांची जत्राच भरते. पुढून पाहिलं तर इंजिनाकडे हवा नेणाऱ्या वाटा. त्यांत शिरलेली लहर आतल्या पात्यांवर आपटून पुन्हा पुढेच येते. कॉकपिटच्या काचेतूनही लहर आत जाते आणि खुर्ची, हेल्मेट, यंत्रं असल्या शंभर वस्तूंवर आपटून बाहेर पडते. मिराज २००० हे १९७० च्या दशकात आखलेलं उत्तम विमान आहे. त्या काळी वेग आणि वळण या दोन गोष्टी पहिल्या मोजल्या जात.

आता एफ-२२ किंवा एफ-३५ चा फोटो काढून बघा. दोन शेपटं बाहेरच्या बाजूला कललेली, म्हणजे काटकोन मोडला. बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं पोटातल्या कप्प्यात, आणि दार बंद. हवेची वाट नागमोडी, त्यामुळे पुढून इंजिनाची पाती दिसत नाहीत. काचेवर धातूचा अतिशय पातळ थर, त्यामुळे लहर आत जातच नाही. पंखाची कड, शेपटाची कड, दारांच्या करवतीसारख्या कडा, सगळ्या मोजक्या दोन-चार दिशांना समांतर.

समांतर कशासाठी, हे समजायला ग्वाल्हेरकरांनी जयविलास राजवाड्यात जावं. १८७४ मधल्या त्या वास्तूच्या दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. (छत ती पेलेल ना, हे पाहायला आधी वर हत्ती चढवले होते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.) त्या झुंबराखालून हळूहळू चालत जा. एक लोलक क्षणभर लखकन चमकतो, तुम्ही पाऊल टाकताच विझतो, मग दुसराच कुठला तरी चमकतो. प्रत्येक सपाट पैलू प्रकाश एकाच ठरावीक दिशेला फेकतो. त्या रेषेत तुम्ही असाल तर लखलखाट, नसाल तर काही नाही. स्टेल्थ विमान बनवणारा माणूस ठरवतो की पैलू मोजकेच ठेवायचे आणि त्यांची चमक रडार नसेल अशा दिशांना फेकायची. क्षणभर एखादी चमक रडारवर पडलीच तर पडेल, पण विमान पुढे सरकलेलं असेल आणि दुसरी चमक येणार नाही. एका लुकलुकीवर क्षेपणास्त्र सुटत नाही, त्याला सलग माग लागतो.

ही कल्पना कागदावर उतरायला एका सोव्हिएत शास्त्रज्ञाची मदत झाली, आणि तीही त्याला न विचारता. प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ मध्ये मॉस्कोत एक गणिती ग्रंथ प्रसिद्ध केला. लहर एखाद्या वस्तूच्या कडांवर आदळल्यावर कशी विखुरते, ते काढायची रीत त्यात होती. तिथल्या अधिकाऱ्यांना त्यात लष्करी उपयोगाचं काही दिसलं नाही, म्हणून तो खुलेपणानं छापला गेला. १९७१ मध्ये अमेरिकन हवाई दलानं त्याचं भाषांतर करून घेतलं. चार वर्षांनी लॉकहीड कंपनीत डेनिस ओव्हरहोल्सर नावाच्या तरुण इंजिनियरच्या हाती ते पडलं. त्यानं ओळखलं की विमान सपाट त्रिकोणी-चौकोनी पत्र्यांचं केलं, तर प्रत्येक पत्र्याचा परतावा काँप्युटरनं मोजता येईल आणि सगळ्यांची बेरीज करता येईल. पत्रे सपाट का, तर त्या वेळच्या काँप्युटरला गोलाई झेपत नव्हती. एफ-११७ चा तो कापलेल्या हिऱ्यासारखा विचित्र आकार हवेच्या गरजेतून आलेला नाही. काँप्युटरच्या तेव्हाच्या मर्यादेतून आलेला आहे. हवेच्या दृष्टीनं ते विमान इतकं अस्थिर होतं की उडत असताना काँप्युटर सतत सावरत राहिला तरच ते हवेत टिके.

त्याच्या नमुन्याची चाचणी घेताना मॉडेल एका खांबावर ठेवून त्यावर रडार रोखलं, तर मॉडेलपेक्षा खांबच जास्त चमकू लागला. नवा खांब बनवावा लागला. पुढे "हॅव ब्लू" नावाचं प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ रोजी उडालं. एका उड्डाणात ते अचानक रडारवर ठळक दिसायला लागलं. शोधल्यावर कळलं की तीन स्क्रू पुरते आवळले नव्हते आणि त्यांची डोकी अष्टमांश इंचाहूनही कमी वर राहिली होती. ही हकीकत मी वर्गात नेहमी सांगायचो, कारण स्टेल्थचं खरं दुखणं तिच्यात आहे. हे विमान एकदा बनवून भागत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी फट बुजवणं, सांध्यावरची पट्टी बदलणं, लेप तपासणं, हे जमिनीवरच्या माणसांचं काम कधी संपत नाही.

एफ-११७ जून १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९८८ पर्यंत अमेरिकेनं त्याचं अस्तित्वच मान्य केलं नाही. १९९१ च्या आखाती युद्धात या विमानांनी सुमारे १३०० फेऱ्या केल्या आणि एकही विमान गमावलं नाही. तोवर काँप्युटर वाढले होते, म्हणून १९८९ मध्ये उडालेल्या बी-२ बाँबरला सपाट पत्रे लागले नाहीत. त्याचं सगळं अंग वळणदार आहे.

लेपाबद्दल थोडक्यात. त्यात लोहाचे अतिसूक्ष्म कण किंवा कार्बनयुक्त पदार्थ असतात. ते लहरीची ऊर्जा शोषून तिची किंचित उष्णता करून टाकतात. आकारानं जे निसटलं ते लेपानं टिपायचं, एवढीच त्याची भूमिका.

जे लपत नाही

ज्या लहरींसाठी हा सगळा खटाटोप असतो, त्यांची लांबी साधारण तीन सेंटिमीटर असते. लढाऊ विमानांची आणि क्षेपणास्त्रांना वाट दाखवणारी रडारं याच टापूतली. कारण लहर आखूड असेल तरच नेम बारीक धरता येतो. पण जुन्या पद्धतीची काही रडारं मीटर-दीड मीटर लांबीच्या लहरी वापरतात. ती लहर विमानाच्या शेपटाएवढी किंवा पंखाच्या टोकाएवढी असते, आणि मग कडा, कोन, करवत यांचा बारकावा तिला जाणवतच नाही. ती अख्ख्या भागाला एकदम हलवते आणि परतावा मोठा येतो. अशी रडारं स्टेल्थ विमान पाहू शकतात. पण ती "त्या बाजूला काहीतरी आहे" एवढंच सांगतात. त्यांच्या भरवशावर नेम धरता येत नाही.

२७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियात नेमकं हेच कामी आलं. सर्बियन अधिकारी झोल्तान दानी यांच्या क्षेपणास्त्र तुकडीकडे जुनं लांब लहरीचं रडार होतं आणि १९६० च्या दशकातलं एस-१२५ क्षेपणास्त्र होतं. भारतीय हवाई दलानं कित्येक दशकं वापरलेलं पेचोरा ते हेच. अमेरिकन विमानं तेव्हा सर्बियावर बॉम्ब टाकायला रोज ठरलेल्या वाटांनी येत होती. त्या रात्री हवामानामुळे रडार जाम करणारी सोबतीची विमानं नव्हती. लांब लहरीच्या रडारनं दिशा दिली, आणि नेम धरणारं रडार काही सेकंदच चालू करून, साधारण १३ किलोमीटरवरून एफ-११७ पाडलं गेलं. वैमानिक पॅराशूटनं उतरला आणि त्याची सुटका झाली. वरचा २०० आणि २० किलोमीटरचा हिशेब इथे आठवून बघा. विमान दिसलंच, पण अगदी जवळ आल्यावर. दानींच्या माणसांनी तेवढ्या थोड्या सेकंदांची तयारी करून ठेवली होती.

उष्णता ही दुसरी अडचण. इंजिनाचा झोत आणि हवेशी घासून तापलेलं अंग झाकून झाकणार किती? आपल्या सुखोई-३० च्या पुढच्या काचेसमोर एक गोळा दिसतो. तो उष्णता पाहणारा डोळा आहे आणि तो स्वतः कसलीही लहर सोडत नाही. तिसरी अडचण स्वतःच्या रडारची. अंधारात लपलेल्या माणसानं टॉर्च लावला की तोच आधी सापडतो. एफ-११७ ला तर रडारच दिलं नव्हतं. आजची स्टेल्थ विमानं रडार वापरतात, पण त्यांची लहर क्षणाक्षणाला कंपनसंख्या बदलत, कुजबुजीसारखी सुटते.

आकाश आपलं आहे, म्हणजे काय

भाचीनं इथे मला अडवलं. "पण मामा, लपून करायचं काय असतं? लढाई तर करावीच लागते ना?"

स्टेल्थ हे साधन आहे, आणि ते ज्यासाठी वापरायचं त्याला हवाई वर्चस्व म्हणतात. शत्रूच्या विमानांनी आणि क्षेपणास्त्रांनी फारसा अडथळा न करता आपल्याला हव्या त्या जागी, हव्या त्या वेळी आकाश वापरता येणं, असा त्याचा अर्थ. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीला खड्डे पाडले. पहिल्या तीन-चार दिवसांतच तिथली पाकिस्तानी लढाऊ विमानं जमिनीला खिळली. मग ११ डिसेंबरला टांगाईलजवळ, दिवसाउजेडी, संथ मालवाहू विमानांतून आपली एक अख्खी पॅरा बटालियन शत्रूच्या मुलखात उतरली. वर्चस्व नसतं, तर त्या विमानांचं काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. पाच दिवसांनी ढाका पडलं.

उलट उदाहरण १९७३ चं. इजिप्त आणि सीरियानं सोव्हिएत क्षेपणास्त्रांची जाळी उभी केली होती आणि इस्रायलच्या निष्णात हवाई दलानं तीनएक आठवड्यांत सुमारे १०० विमानं गमावली. विमान कितीही चपळ असलं तरी रडारला दिसतंय तोवर मरण दूर नाही, हे तेव्हा सगळ्या जगाला कळलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रडारला न सापडणाऱ्या विमानाचा शोध सुरू झाला आणि त्यातून हॅव ब्लू जन्मलं.

कारगिलमध्ये आपणही ही किंमत मोजली. २७ आणि २८ मे १९९९ या दोन दिवसांत एक मिग-२१, एक मिग-२७ आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गेलं. त्यानंतर विमानं खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याच्या वर राहून उडू लागली. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा आदेश होता. तो देणारे पंतप्रधान इथल्याच बाड्याजवळच्या गोरखी शाळेत शिकलेले अटलबिहारी वाजपेयी. इतक्या उंचीवरून, त्या अरुंद हद्दीत, डोंगरमाथ्यावरच्या बंकरवर नेम धरणं साध्या बॉम्बचं काम नव्हतं. ते ग्वाल्हेरच्या मिराजनी केलं. २४ जूनला टायगर हिलवर लेझरनं वाट दाखवलेले बॉम्ब पडले. मिराज स्टेल्थ नव्हतंच. क्षेपणास्त्र पोचणार नाही अशी उंची आणि तिथून चुकणार नाही असा नेम, या दोहोंवर त्यांनी भागवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या वेळी मिराज इथूनच रात्रीच्या अंधारात उडाले. तेव्हा दुसऱ्या बाजूला वेगळी विमानं दाखवून पाकिस्तानी विमानांना तिकडे ओढून नेलं होतं. तीही लपण्याचीच एक तऱ्हा, फक्त लेपाशिवाय.

महाराजपुऱ्यात हरलेले एफ-१५

आता या गोष्टीत ग्वाल्हेरचं जे सगळ्यात मोठं पान आहे, आणि जे इथल्याही फार थोड्यांना ठाऊक आहे, ते सांगतो. हवाई दलाची डावपेच शिकवणारी संस्था, जिला सगळे टॅकडी म्हणतात, ती महाराजपुऱ्यात आहे. लढाऊ वैमानिकांतले निवडक लोक इथे येऊन शिकतात आणि परत जाऊन आपापल्या स्क्वाड्रनना शिकवतात.

फेब्रुवारी २००४ मध्ये कोप इंडिया नावाचा सराव याच तळावर झाला. अमेरिका अलास्काहून आपली एफ-१५ सी विमानं घेऊन आली. भारत-अमेरिकेच्या लढाऊ विमानांचा असा सराव सुमारे चाळीस वर्षांत झाला नव्हता. समोर आपली सुखोई-३०, मिराज, मिग-२९ आणि नव्यानं सजवलेली मिग-२१ बायसन होती. लुटुपुटीच्या त्या लढतींपैकी बऱ्याच आपण जिंकल्या. एफ-१५ म्हणजे खऱ्या हवाई लढाईत एकदाही न हरलेलं विमान असा त्याचा लौकिक होता, म्हणून अमेरिकेत खळबळ उडाली.

इथे प्रामाणिक राहायला हवं. सराव ठरवताना अमेरिकन विमानं संख्येनं कमी ठेवली होती आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या वापरावर बंधनं होती. त्यामुळे "आपण अमेरिकेला हरवलं" असं छाती फुगवून सांगणं बरोबर नाही. पण आपल्या वैमानिकांनी डावपेच पटापट बदलले, लहानशा बायसनला मोठ्या सुखोईच्या आडोशानं वापरलं, हे पाहुण्यांनीही मोकळेपणानं मान्य केलं.

आणि मग अमेरिकेच्या हवाई दलानं या निकालांचा उपयोग आपल्या लोकप्रतिनिधींपुढे केला: जुनी विमानं पुरणार नाहीत, एफ-२२ हवीत. एफ-२२ हे वर्चस्वासाठीच घडवलेलं पहिलं स्टेल्थ लढाऊ विमान. एफ-११७ च्या नावात लढाऊपणाचं "एफ" असलं तरी ते केवळ बॉम्ब टाकायचं. एफ-२२ मध्ये मात्र लपणं, आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवण्याची सोय) न लावता आवाजापेक्षा दीडपट वेगानं जाणं आणि इंजिनाचा झोत वर-खाली वळवून चटकन वळणं, तिन्ही एकत्र आलं. आधी बघावं, आधी मारावं आणि समोरच्याला कळायच्या आत वळून जावं. डिसेंबर २००५ मध्ये ते सेवेत आलं. ७५० घ्यायचं ठरलं होतं, पण १८७ वर थांबलं. कारण एकेकाचा खर्च अफाट, आणि २००९ मध्ये अमेरिकेसमोर तशा तोडीचा शत्रू दिसत नव्हता. ते परदेशी विकायला तर कायद्यानंच बंदी आहे. गंमत म्हणजे त्याची हवेतली पहिली शिकार फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. तो होता एक चिनी फुगा!

एफ-२२ च्या खर्चातून धडा घेऊन निघालेलं एफ-३५ वेगात आणि चपळाईत त्याच्याहून थोडं कमी आहे, पण ते मित्रदेशांना मिळतं आणि आजवर हजाराहून जास्त बनली आहेत. माझ्या मते त्याचा खरा जोर लपण्यापेक्षा माहितीत आहे. स्वतःच्या आणि सोबत्यांच्या सगळ्या यंत्रांनी पाहिलेलं एकत्र करून एकच चित्र वैमानिकापुढे ठेवायचं, हे त्यानं रूढ केलं. पुढच्या लढाया विमान विरुद्ध विमान अशा फार कमी होतील. रडार, उपग्रह, क्षेपणास्त्र आणि विमान यांचं एक जाळं दुसऱ्या जाळ्याशी भिडेल.

चीननं जे-२० जानेवारी २०११ मध्ये उडवलं आणि २०१७ पासून ते सेवेत आहे. रशियाचं सुखोई-५७ २०१० मध्ये उडालं, पण संख्येनं थोडंच आहे. आपण रशियाबरोबर त्यावर आधारलेलं विमान करणार होतो, २०१८ मध्ये त्यातून बाहेर पडलो.

आपलं स्वतःचं, अजून घडायचं असलेलं स्टेल्थ विमान म्हणजे अ‍ॅम्का. दोन इंजिनं, सुमारे २५ टन वजन, पोटात शस्त्रांचा कप्पा, नागमोडी हवेची वाट, कललेली शेपटं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं त्याचे नमुने बनवायला सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर केले आणि मे २०२५ मध्ये खाजगी कंपन्यांनाही त्यात उतरता येईल अशी पद्धत ठरवली. मला यात सगळ्यात जास्त काळजी इंजिनाची वाटते. आकार संगणकावर काढता येतो, लेप प्रयोगशाळेत जमतो, पण जबरदस्त उष्णतेत हजारो तास टिकणारी पाती ओतायची कला दशकांच्या हातसवयीनंच येते. सुरुवातीची अ‍ॅम्का अमेरिकन इंजिनावर उडेल. पुढच्यांसाठी फ्रान्सबरोबर नवं इंजिन घडवायचं ठरतंय. हे इंजिन आपल्या मातीत घडावं, असं मला फार वाटतं.

बोलता बोलता संध्याकाळ झाली. किल्ल्याच्या कड्यावर ऊन तांबूस झालं होतं. दुपारची जोडी परत येत होती. भाची उठून कठड्याशी गेली आणि हात कपाळावर धरून बघत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "शेपूट सरळ उभं, एक कोपरा. पोटाखाली टाकी, दुसरा. हवेची वाट या बाजूला एक, त्या बाजूला एक. आणि काचेतून..."

पुढचं ऐकू आलं नाही. आम्ही दोघं आवाज ओसरायची वाट बघत उभे राहिलो.